बडोद्याच्या कलामार्गाचे बोधचिन्ह : काळा घोडा हवा की नको?

दांडियाबाजारकर : विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेपासून काळा घोडा (म्हणजे सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा), गायकवाडांचे स्मारक असलेले कीर्तिमंदिर, सुरसागर तलाव आणि जुना तांबेकर वाडा असा पायी हिंडण्याचा कलामार्ग बडोद्यात आखावा, असा विचार आपल्या मंडळींत चालू आहे. त्याच्या बोधचिन्हासाठी मात्र बहुतेकांना घोड्याची काळी आकृतीच सुचावी, याचे नवल वाटते. मुंबईत १९९९ पासून भरणाऱ्या ‘काळा घोडा’ कला महोत्सवामुळे हे नाव ऐकताच बाहेरच्या माणसाला मुंबईच आठवते. तेथील राजा सातवा एडवर्ड याचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला आणि २०१७ मध्ये बिनस्वाराचा नवा घोडा बसेपर्यंत नाव तेवढे मागे राहिले. आपले सयाजीराव अजून घोड्यावर आहेत. त्यांना उतरवून नुसता घोडा छापणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

रावपुरेकर : आपला आक्षेप पटला नाही. रिक्षावाल्याला आपण ‘काळा घोडा’ एवढेच सांगतो आणि तो नेमका तेथे सोडतो. जी खूण आधीच लोकांच्या तोंडी आहे, ती मुंबईच्या धाकाने टाकून का द्यावी?

अक्षरजुळारी : घोड्याच्या वादात पाटी बाजूला पडली आहे. एकाच पाटीवर गुजराती, देवनागरी आणि रोमन अक्षरे येणार. गुजरातीला शिरोरेषा नसल्याने सारख्याच मापात ती देवनागरीशेजारी फिकी दिसते, म्हणून मापे नजरेने जुळवावी लागतील. स्वस्त छपाईतला लाल आणि पिवळा रंग उन्हात लवकर उडतो, तर चकचकीत पत्र्यावर दुपारी एक अक्षर वाचता येत नाही. त्यामुळे गडद निळा रंग आणि चकाकी नसलेला मुलामा, हेच बरे. मार्ग उघड्यावरचा म्हणायचा, पण चित्रकार नंदलाल बोस यांची १९३९ ते १९४६ या काळातील कीर्तिमंदिरातील भित्तिचित्रे आणि तांबेकर वाड्यातील चित्रे भिंतींच्या आत आहेत. रस्त्यावरून दिसणाऱ्या कलाकृतीसाठी भरीव वर्तुळ आणि आत जाऊन पाहायच्या कलाकृतीसाठी पोकळ वर्तुळ ठेवल्यास पादचाऱ्याची फसगत होणार नाही.

रावपुरेकर : वर्तुळे मान्य, पण नुसते वर्तुळ पाहून कोण थांबणार? वर स्वारासह घोडा मोठा घ्यावा, म्हणजे आपल्या दोघांचेही समाधान होईल.

दांडियाबाजारकर : मोठ्या फलकावर तो शोभेल, परंतु तेच चिन्ह खांबावरच्या लहान पट्टीवर आणि नकाशाच्या कोपऱ्यातही लागणार आहे. एकदा अर्ध्या इंचात काढून पाहावे. स्वार, लगाम आणि घोड्याचे पाय वेगळे दिसले, तर माझा विरोध मी मागे घेईन.