लॅपटॉप मुलाच्या हातात की शाळेत?

रस्त्यावर राहणाऱ्या, शाळा सुटलेल्या प्रत्येक मुलाला एकेक लॅपटॉप द्या म्हणजे ती शाळेत परत येतील, असं काही जण म्हणतात. भावना पटली, पण लॅपटॉप शाळेत ठेवावेत असं माझं ठाम मत आहे, फुटपाथवर झोपणारं मूल तो चार्ज कुठे करणार आणि रात्री सांभाळणार कुठे? ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालू आहे, कंटेनरमध्ये. मुलं सिग्नलवर वस्तू विकत होती तिथेच शाळा नेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

लॅपटॉपचा खरा उपयोग मोठ्या मुलांना होतो. शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, मागे राहिलेलं भरून काढायला खास प्रशिक्षणाचीही तरतूद आहे, जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारताही येत नाही. पण बारा वर्षांच्या पोराला जोडाक्षरं येत नसतील तर ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लाजतं आणि दुसऱ्या दिवसापासून येतच नाही. तेच पोर लॅपटॉपवर हेडफोन लावून 'चंद्र' शब्द दहादा ऐकेल, चुकलं तर पुसून परत टाईप करेल, कोणी हसत नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आधीच डाऊनलोड करून ठेवली की नेट नसलं तरी चालतं.

आणि प्लीज, जुने लॅपटॉप देणाऱ्यांनी बॅटरी चेक करून, चार्जरसकट द्या.