अनुभव धागा: बंदरातल्या बोटीवर राहताना काय दिसतं, काय ऐकू येतं

खोल समुद्रात फारसं काही दिसत नाही, सगळी गंमत धक्क्याजवळच असते असं माझं मत आहे. तर ट्रॉलर, टग, जहाज, हाऊसबोट, जे काय असेल त्यावर मुक्काम केलेल्यांनी लिहा रोज काय दिसायचं ते. पक्षी, मासे, उंदीर सगळं चालेल. फक्त सूर्यास्ताची वर्णनं नकोत प्लीज.

----

मी लिहिते. आम्ही दोघं सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसलिटोला हाऊसबोटीवर भाड्याने राहायचो. उन्हाळ्यात रात्री तळातून घूंsss असा आवाज सुरू व्हायचा, एकच सूर, पट्टी म्हणून बदलायची नाही. नवऱ्याने फ्रिज बंद करून पाहिला, पंप बंद केला, शेवटी मेन स्विचच पाडला, अंधारात बसलो तरी आवाज चालूच! सकाळी शेजारच्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, अगं तो मासा आहे. खरंच मासा! मिडशिपमन म्हणतात त्याला, दिसायला अगदी बेढब, नर दगडाखाली घर करतो आणि मादीला बोलवायला पोटातली हवेची पिशवी थरथरवत राहतो, कधीकधी तास तासभर. १९८० च्या दशकात तिथल्या लोकांनी सांडपाण्याच्या पंपापासून पाणबुडीपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, मग मत्स्यालयाच्या शास्त्रज्ञाने छडा लावला आणि गावाने त्या माशाच्या नावाने चक्क जत्रा भरवली.

हिवाळ्यात हेरिंग मासे अंडी घालायला खाडीत येतात तेव्हा तर विचारूच नका. दोरखंड, खांब, बोटीचा तळ, जिथे हात लावाल तिथे चिकट पारदर्शक दाणे. वर कुरवांचा (म्हणजे सीगल) कल्ला, खाली सील आणि सी लायन, झोपेचं खोबरं. रातबगळा मात्र रोजचा, आमच्याच दोरावर मान आत घेऊन बसायचा आणि कोणी जवळ गेलं की 'क्वाक' करून शिवी दिल्यागत उडायचा.

----

@वरच्या ताई, तोच रातबगळा आमच्या मिरकरवाड्यात (रत्नागिरीचं मासेमारी बंदर) पण आहे, जात तीच. संध्याकाळी बोटींचे दिवे लागले की हजर. आमचे खलाशी बरेचसे नेपाळचे, सीझनभर बोटीवरच जेवण-झोप, त्यांनी त्याचं नाव वॉचमन ठेवलेलं.

कुरव दिवाळीच्या आसपास येतात. जाळं धुवायला घेतलं की डोक्यावर घिरट्या, तारली फेकली की हवेतच उचलतात. हिवाळ्यात डोकं पांढरं आणि कानामागे काळा ठिपका, मार्च-एप्रिलला बघा, हळूहळू सगळं डोकं तपकिरी होत जातं, आणि मग एक दिवस गायब, लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर जातात अंडी घालायला. एवढ्या लांबून येऊन आमच्या तारल्या खातात म्हणजे मान द्यायला पाहिजे.

आणि आवाजाचं म्हणाल तर खाली हौद्याजवळ झोपलात की रात्रभर लाह्या फुटल्यागत तडतड ऐकू येते. नवीन पोरगं घाबरतं, लाकूड तडकलं म्हणून. ती छोटी कोळंबी असते, एक नांगी मोठी, ती इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो, त्याचा तो आवाज. १ जूनला मासेमारीची बंदी लागली आणि बोट वर घेतली की घरात पहिले दोन दिवस त्या तडतडीशिवाय झोपच येत नाही च्यायला.

----

जहाजावर होतो, यूएईतल्या फुजैरा बंदराच्या बाहेर नांगरावर, बर्थची (धक्क्याला लागायच्या जागेची) वाट बघत. रात्री गँगवेचा दिवा पाण्यावर सोडला की आधी बारीक मासळी, मग म्हाकूल (स्क्विड), आणि कधी कधी पिवळ्या पोटाचा समुद्रसाप आरामात पोहत यायचा. विषारी असतो, पण त्याला आमच्यात काडीचा इंटरेस्ट नाही. फिलिपिनो क्रू दोऱ्या टाकून म्हाकूल काढायचे, कुक मिरची-लसणात परतायचा. बाकी कंटाळा.

----

शिवडीला टगवर ड्यूटी असायची. लोक लांबून रोहित पक्षी बघायला दुर्बिणी घेऊन येतात आणि आम्ही चहा घेत बघायचो. एक सांगतो, जायचं असेल तर आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा. ओहोटीला चिखल उघडा पडला की चोच उलटी करून गाळून गाळून खात पुढे सरकतात, भरती चढली की उडून दुसरीकडे, मग बसा पाणी बघत. पिल्लं राखाडी असतात, त्यांना 'आजारी आहे का हो' असं विचारणारे पण भेटलेत. आणि हो, वास येतोच, चिखल आहे तो.

----

सगळे पक्ष्यांचंच लिहितायत. झुरळांचं कोण लिहिणार? लाकडी केबिनच्या फटीत असतात, रात्री दिवा लावला की सगळी पळापळ. मोठ्या जहाजांच्या दोरखंडांवर पत्र्याच्या गोल थाळ्या बसवतात, उंदीर धक्क्यावरून दोरावरनं चढू नये म्हणून. आमच्या धक्क्यावर एक बोका होता, तो त्या थाळीच्या अलीकडे उंदरांची वाट बघत तासन् तास बसायचा. खलाशांनी त्याला बांगडा टाकायला सुरुवात केली तसे उंदीर सोडलेन आणि जेवणाच्या टायमालाच यायला लागला.