'4.8 मीटरच्या लाटा' की '4.8 मीटरची भरती'?

प्रश्न : पावसाळा लागला की मुंबईच्या बातम्यांत 'आज समुद्रात 4.8 मीटर उंचीच्या लाटा उसळणार' असं हमखास वाचायला मिळतं. त्सुनामीच्या इशाऱ्यात मात्र 'दोन मीटर' म्हटलं तरी धोका मोठा मानतात. हे कसं? आणि शब्द 'त्सुनामी' लिहावा की 'सुनामी'?

उत्तर : ते पहिलं वाक्यच चुकीचं आहे आणि दरवर्षी छापलं जातं याची काळजी वाटते. 4.8 मीटर ही भरतीची पातळी, लाटेची उंची नव्हे. अगदी खालच्या ओहोटीला पाणी जिथवर उतरतं, साधारण तिथून ती मोजतात. वारा पडलेला असला तरी त्या दिवशी भरतीला पाणी तेवढं चढतंच. वाऱ्याच्या लाटा त्यावर वेगळ्या.

त्सुनामीचे दोन मीटर त्या वेळच्या पातळीच्या वरचे असतात. ऐन भरतीला आली तर 4.8 वर आणखी दोन. शिवाय साधी लाट काही सेकंदांत फुटून परतते. त्सुनामीत पाणी कितीतरी मिनिटं आत येतच राहतं, तेवढ्याच ओढीनं मागे जातं आणि पुन्हा येतं. पहिलीच लाट सर्वांत मोठी असेल असंही नाही. म्हणूनच दोन मीटरच्या वर अंदाज गेला की हैदराबादचं त्सुनामी केंद्र सर्वांत वरच्या पातळीचा इशारा देतं. 'पावसाळ्यात पाच मीटरच्या लाटा बघतो आपण' असं मनात बसलेला माणूस तो इशारा ऐकून चौपाटीवरून हलेल का?

आणि मुंबईला हे नवं नाही. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानात, 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी मुंबईत सुमारे दोन मीटर पाणी चढलं आणि माणसं दगावली.

आणखी एक : मी वेसाव्याचा (मुंबईतलं वर्सोवा). आमच्याकडे पाणी किती चढणार हे सांगताना 'लाट' कोणी म्हणत नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमाराचा भांग म्हणजे कमी चढणारी भरती, रोजची भरती-सुकती म्हणजे भरती-ओहोटी. खाडीत होडी बांधताना दोर किती सैल सोडायचा ते उधाण आहे की भांग, यावर ठरतं. दोर आखडता राहिला तर चढत्या पाण्यात होडी एका बाजूला कलते. हे शब्द वर्तमानपत्रांनी उचलावेत.

लेखनाबद्दल : 'त्सुनामी'च लिहा. जपानीत 'त्सु' म्हणजे बंदर, 'नामी' म्हणजे लाट. हा उच्चार आपल्याला जड नाही, 'चुना'मधला च त्याच्या अगदी जवळचा आहे. शब्द स्त्रीलिंगी : त्सुनामी आली. 'मतांची त्सुनामी' मात्र नको वाटतं. 2004 सालच्या त्सुनामीत तामिळनाडूतल्या नागपट्टिनमला काय झालं ते पाहिलेल्यांना ते कसं लागत असेल?

प्रश्नकर्ता : मग बातमीत नेमकं काय लिहावं?

उत्तर : 'दुपारी 1.10 वाजता 4.8 मीटरची भरती.' उंच लाटांचा इशारा निघाला असेल तर तो पुढच्या वाक्यात, वेगळा.