पुण्यात बसलेला हात आणि जर्मनीचं लायसन्स

पौडफाटा

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त बायको-मुलीसह श्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगनला आलोय. आपलं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं आणि ती मुदत संपत आली आहे. ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्याला परीक्षेशिवाय नुसतं बदलून मिळालं. आपल्याला मात्र लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा.

कॉलेजपासून पुण्यात गाडी चालवतोय. कर्वे रोड, चांदणी चौक, एक्स्प्रेसवे, भर पावसातला वरंधा घाट, सगळं झालंय. इथला ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणतो, दहा-बारा तास तरी शिकवणी घ्या. परदेशी लायसन्स असेल तर ती सक्तीची नाही असं वाचलंय. म्हणजे हा पैसे काढायचा धंदा समजायचा का? उजव्या बाजूने चालवणं तर लगेच अंगवळणी पडलं. पुस्तकात कळत नाही असं नेमकं काय वेगळं आहे इथे?

नियमबुवा

आधी कागदांचं. डोळे तपासणी, प्रथमोपचाराचा कोर्स, फोटो, आणि बहुतेक ठिकाणी लायसन्सचं भाषांतर. लेखी परीक्षेत 30 प्रश्न, 10 पर्यंत चूकगुण माफ, पण पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले की नापास. इंग्रजीत देता येते, हिंदीत नाही. शिकवणी सक्तीची नाही हे बरोबर, पण प्रत्यक्ष परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतूनच आणि शिक्षक शेजारी बसवूनच द्यावी लागते, त्यामुळे स्कूलला टाळून जाता येणार नाही. जर्मन कार्ड देताना मूळ भारतीय लायसन्स जमा करून घेतात. आणि सहा महिने उलटल्यावर चालवलीत तर तो विनापरवाना गाडी चालवण्याचा गुन्हा होतो, नुसता दंड भरून सुटका नाही.

सांगलीची_मावशी

पौडफाटा, उजवी बाजू हा प्रश्नच नाही हो. समोरचे सगळे उजवीकडून जात असतात, आपण मागोमाग जातो. फार तर आठवडाभर वळताना सिग्नलऐवजी वायपर फिरतात. खरी गोम आहे थांबायचं कधी आणि थांबायचं नाही कधी यात.

तुमच्या ब्योब्लिंगनमधल्याच, ताशी 30 किलोमीटरची मर्यादा असलेल्या कुठल्याही वस्तीत जा. चौकात पाटी नाही, सिग्नल नाही, रस्त्यावर पट्टासुद्धा नाही. म्हणजे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. ती गल्ली कितीही बारकी असो, कोपऱ्यावर कुंपण आणि लावलेल्या गाड्या असोत, प्रत्येक तोंडाशी वेग कमी करून उजवीकडे डोकवायचं. हे आपल्याला जमतं. जमत नाही ते पुढचं: तुमच्या डावीकडून आलेला माणूस तुमच्यासाठी थांबणार असतो आणि तुम्ही जायचं असतं. आपला माणूस काय करतो? ब्रेकवर पाय ठेवतो, डावीकडच्याच्या तोंडाकडे बघतो, हा खरंच थांबतोय का याचा अंदाज घेतो. परीक्षक मागच्या सीटवर बसून हे बघत असतो, आणि विनाकारण अडखळणं ही त्याच्या लेखी चूक आहे. तुम्ही थांबलात की मागच्याला कळत नाही, डावीकडच्याला कळत नाही. सौजन्य म्हणून हक्क सोडलात तरी तेच. माझ्या पाहण्यात आपली जी चांगली, सांभाळून चालवणारी मंडळी नापास झाली, ती बहुतेक इथेच.

दुसरं, डिपर. आपल्याकडे अरुंद पुलावर समोरच्याने डिपर मारला की अर्थ सरळ आहे: मी येतोय, तू थांब. इथे गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट, आणि समोरच्या बाईंनी डिपर मारला. आमचे हे शहाण्यासारखे थांबले. बाई हलेनात. पुन्हा डिपर. ह्यांनी गाडी आणखी मागे घेतली. तिसऱ्यांदा डिपर, आणि मग बाईंनी काच खाली करून पाहुण्यांना जेवायला बोलवावं तसा हात केला. तेव्हा कुठे उजेड पडला, की त्या मघापासून "या, तुम्ही आधी" म्हणत होत्या! ऑटोबानवर, म्हणजे इथल्या एक्स्प्रेसवेवर, मात्र मागून डिपर आला तर तो बाजूला व्हा असाच समजायचा. वस्तीबाहेर ओव्हरटेक करताना तसा इशारा कायद्याने चालतो. पण मागे चिकटून सारखा मारत राहिला तर तो जबरदस्तीचा गुन्हा ठरू शकतो. आणि उजवीकडून कट मारून पुढे जायचं नाही, डाव्या लेनमधला एखादा कितीही रेंगाळो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेओनबर्गच्या तिठ्यावर ए-8 ऑटोबान तुंबलेला तुम्ही पाहिलाच असेल. गाड्या चालीच्या वेगावर आल्या की सगळ्यात डाव्या लेनमधले आपणहून डावीकडे सरकतात, बाकी सगळ्या लेनमधले उजवीकडे, आणि मधोमध एक मोकळी वाट तयार होते. ती अँब्युलन्ससाठी. मागे अँब्युलन्स आहे म्हणून नव्हे. अजून कुठे सायरनही नसतो! चाळीस टनी ट्रेलरवालासुद्धा मुकाट कडेला सरकतो. वाट केली नाही तर निदान 200 युरो दंड, लायसन्सच्या नावे दोन दंडगुण (पॉइंट) आणि महिनाभर लायसन्स बंद. आपल्याकडेही लोक वाट देतात, मनापासून देतात, पण सायरन डोक्यावर आल्यावर. मग कोण डावीकडे घेतो, कोण उजवीकडे, आणि अँब्युलन्स मध्येच अडकते. इथे कोणी कुठे सरकायचं हे आधीच ठरलेलं असतं.

घाटातला

मावशी, छान लिहिलंय, पण एक सांगू का? पुण्यात चालवणारा जगात कुठेही चालवेल. उलटं करून दाखवा. आमच्या चाकणच्या कंपनीत आलेले जर्मन साहेब गेटबाहेरसुद्धा स्टिअरिंग हातात घेत नाहीत. समोरून राँग साइडने ट्रॅक्टर, डावीकडून बुलेट, मध्येच कुत्रं, यातून गाडी काढायला डोकं लागतं. नियमाने चालवायला काय लागतं? पाटी वाचायची.

नियमबुवा

घाटातला, पाटी नसलेल्या चौकात उजवीकडच्याला आधी जाऊ द्या हे भारताच्या 1989 च्या नियमांतही होतं, 2017 च्या नव्या नियमावलीतही आहे. अँब्युलन्सला वाट न देणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीपासून दहा हजार रुपये दंड आहे. दारूच्या बाबतीत तर आपला कायदा जर्मनीपेक्षा कडक: आपल्याकडे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, तिथे सर्वसाधारण मर्यादा 50. (नवीन लायसन्सवाल्यांना आणि 21 वर्षांखालच्यांना तिथे शून्य.) कागदावर फारसा फरक नाही, काय ते समजा.

सांगलीची_मावशी

घाटातला, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मी स्वतः सांगलीत गेले की गणपती पेठेत स्कूटर काढते, आणि तिथे माझा हक्क आहे म्हणून चौकात घुसले तर लोक मला दवाखान्यात भेटायला येतील. तिथे समोरच्याचे डोळे, पुढच्या चाकाचा कल, मागे बसलेल्या बाईचा हात, सगळं वाचावं लागतं. ते कसब आहेच. पण त्या कसबाचा पाया असा की समोरच्यावर विश्वास ठेवायचा नाही. जर्मनीतली रहदारी विश्वासावरच चालते. लेन संपते तिथे बघा: शेवटपर्यंत जायचं आणि मग त्यांच्यातला एक, आपल्यातला एक, असं एकाआड एक शिरायचं. आपला माणूस अर्धा किलोमीटर आधीच शिरायला बघतो, कारण शेवटी आपल्याला कोणी घेईल यावर त्याचा भरवसा नसतो. ते साहेब गेटबाहेर पडत नाहीत ते मठ्ठ म्हणून नव्हे. समोरचा आपल्याला विचारून हलणार आहे हे त्यांना ठाऊकच नसतं.

पौडफाटा, तास घ्या. दहा नकोत, पण चार-पाच तरी घ्या, आणि परीक्षा जिथून सुटते त्या भागातले घ्या. शिक्षकाला स्पष्ट सांगा, मला गाडी येते, मला उजवीकडचे चौक आणि मान वळवणं पक्कं करून द्या. मान वळवणं म्हणजे लेन बदलताना, उजवीकडे वळताना खांद्यावरून मागे बघणं. आरशात बघितलं म्हणून भागत नाही, शेजारून सायकलवाला सरळ जात असतो आणि हक्क त्याचा असतो. नुसते डोळे फिरवू नका, परीक्षकाला मान हललेली दिसली पाहिजे.

पौडफाटा

धन्यवाद मावशी, नियमबुवा. काल संध्याकाळी मुद्दाम वस्तीत चालत फिरलो आणि चौक बघत उभा राहिलो. तुम्ही म्हणता ते खरं आहे, डावीकडचे बघतसुद्धा नाहीत, सरळ थांबतात. पाच तास ठरवले. बायकोकडेही पुण्याचं लायसन्स आहे, ती म्हणते मीही सोबतच देते. चालेल ना?

सांगलीची_मावशी

न चालायला काय झालं! तिचा अर्ज वेगळा भरा, प्रथमोपचाराचा कोर्स दोघांनी एकाच दिवशी उरकून घ्या. फक्त तिच्या तासाला मागच्या सीटवर जाऊन बसू नका.