मदत हवी आहे: ट्राउटच्या फ्लाय फिशिंगची तयारी कराडात राहून कशी करावी?

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी. मी कराडची. मार्चअखेरीस आबांना घेऊन हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जायचं ठरवलंय. आबा मूळचे पाटणकडचे. गांडुळावर वांब, कणकेवर चिलापी, पहिल्या पावसात चढणीचे मासे, हे सगळं करतच ते मोठे झाले. आता गुडघे दुखतात, पण बर्फाच्या पाण्यातला ट्राउट एकदा गळाला लागलेला बघायचा, हे त्यांच्या मनात फार वर्षांपासून आहे. यंदा मला ते पुरं करायचंच आहे.

अडचण अशी की फ्लायचं आम्हा दोघांनाही काही येत नाही. समजलंय ते इतकंच: आपल्या नेहमीच्या गळाला शिसं लावून ते फेकतात आणि दोरी त्याच्यामागं जाते. इथं पिसांची माशी, तिला वजनच नाही. म्हणून दोरी जाड आणि जड असते, आणि फेकायची ती दोरीच. डोक्यात शिरलं, हातात उतरत नाही. जवळपास शिकवणारंही कुणी सापडलं नाही.

काठी चार नंबरची घ्यावी की पाच (नंबर म्हणजे ती किती जड दोरी पेलते ते)? दोघांत एकच घेणार आहोत. सराव मैदानावर करावा की नदीवर? माश्या विकत घ्याव्यात की घरी बांधता येतील? आणि आबांचा एक प्रश्न, जो मला स्वतःला फार आवडला: महाबळेश्वरला एवढी थंडी पडते, मग सोळशीत किंवा कोयनेच्या वरच्या अंगाला ट्राउट का नाही?

सांगलीकर:

ताई, आबांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात ट्राउटचा सगळा स्वभाव येतो. त्याला थंड हवा नको, थंड पाणी हवं, आणि तेही बारा महिने. साधारण १० ते १६ अंशांच्या पाण्यात तो नीट खातो. २० च्या वर गेलं की खाणं सोडतो, कारण पाणी तापेल तसा त्यातला प्राणवायू कमी होतो. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये वरचे ओढे आटतात, डोह तापतात. निलगिरीत ट्राउट टिकला, पण तिथले ओढे दोन हजार मीटरच्या आसपास आहेत. महाबळेश्वर १,४०० मीटरही भरत नाही. शिवाय ट्राउट मुळात भारतातला मासाच नाही. इंग्रजांनी बाहेरून आणून काश्मीर, कुलू, निलगिरीत सोडला. आपल्या ओढ्यांत तो नाही हे बरंच आहे, सह्याद्रीतल्या लहान माशांचं त्यानं काही ठेवलं नसतं.

काठी पाच नंबरची घ्या, साडेआठ ते नऊ फुटांची. तीर्थन अगदी चिंचोळा ओढा नाही, वाराही असतो. दोरीही पाच नंबरचीच, पुढून वजनदार आणि तरंगणारी. काठी आणि दोरीचा नंबर जुळला नाही तर कितीही सराव करा, दोरी उलगडणार नाही. पुढं नऊ फुटांचा निमुळता लीडर, म्हणजे जाड दोरी आणि माशी यांना जोडणारा बारीक धागा, टोकाला ५ एक्स जाडीचा (एक्सचा आकडा जितका मोठा, तितका धागा बारीक). सोपा हिशेब: माशीच्या नंबराला, म्हणजे तिच्या आकड्याच्या मापाला, तीननं भागायचं. १४ नंबरच्या माशीला साधारण ५ एक्स.

सराव गवतावर करा. डांबरावर नको, दोरीचं आवरण खरवडतं. गळ न लावता लोकरीचा रंगीत तुकडा बांधा. सहा-सात मीटर दोरी बाहेर काढा, मनगट आवळून ठेवा आणि काठी घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मध्येच हलवा. सगळ्यात अवघड आहे ते थांबणं. दोरी मागं गेल्यावर ती पूर्ण सरळ होईपर्यंत हात पुढं आणायचा नाही. मान वळवून मागं बघा, लाजू नका. चाबूक फुटल्यासारखा आवाज आला तर घाई झाली. खऱ्या पाण्यावर त्या वेळी माशी तुटून गेली असती. डोंगरातल्या नदीत दहा मीटरच्या पुढं फेकायची वेळ फारशी येतच नाही, तेव्हा लांब फेकण्याच्या मागं लागू नका. नेमकं आणि हलकं पडलं पाहिजे.

मैदानावर हात बसला की चिलापीवर सराव होतो. छोटी बुडणारी माशी, अगदी हळू ओढायची. मात्र तलाव-धरणातले मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात, आधी त्यांना विचारा. कोयना अभयारण्य आणि चांदोलीच्या हद्दीत गळ टाकायचाच नाही. आणि हे मनापासून सांगतो: कृष्णेत पाण्यात उतरू नका. आमच्याकडं भिलवडी, औदुंबर, हरिपूर भागात मगरी आहेत, माणसांवर हल्ले झालेले आहेत. काठावरूनही पाण्यापासून लांब उभे राहा.

वाईकर:

माश्यांबद्दल मी सांगतो. निम्मं सामान तुमच्या गावातच आहे. गावठी कोंबड्याच्या मानेची लांब, ताठ पिसं तरंगणाऱ्या माशीला लागतात. मोराच्या गळून पडलेल्या पिसाचे तंतू आकड्याभोवती गुंडाळले की बुडणाऱ्या माशीचं अंग तयार. शिंप्याकडचा बारीक दोरा चालतो. आकडे मात्र १२ आणि १४ नंबरचे चांगले मागवा आणि त्यांचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही.

तरीही पहिल्या खेपेला थोड्या विकतच्याही ठेवा: तरंगणाऱ्या ॲडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, बुडणारी फेझंट टेल. ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखाली, दगडांखालच्या अळ्यांवर असतं. तिथं पोचल्यावर दोन-तीन दगड उलटून बघा आणि त्या अळ्यांच्या रंगा-आकाराची माशी लावा.

आबांना नवीन काही शिकवायची गरज पडेल असं मला वाटत नाही. दगडाच्या आडोशाला, वेगवान आणि संथ पाणी जिथं भेटतं त्या रेघेवर, डोहाच्या तोंडाशी. मासा तिथंच असतो, कोयनेत काय आणि तीर्थनमध्ये काय. तोंड प्रवाहाकडं करून उभा असतो, म्हणून खालच्या बाजूनं वर जायचं. एकच नवी गोष्ट: माशी प्रवाहाबरोबर मोकळी वाहिली पाहिजे. मधल्या वेगवान धारेनं दोरी ओढली आणि माशी घसटली की ट्राउट तिला शिवत नाही. दोरी पडल्याबरोबर तिचं पोट वरच्या अंगाला उचलून टाकायचं.

कोयनाकाठ:

दोघांचे खूप आभार. आबांना सगळं वाचून दाखवलं. डोहाच्या तोंडाचं ऐकून लगेच म्हणाले, "मग जमतंय की!" पाच नंबरची काठी मागवते. आता दोनच शंका. परवान्याचं काय? आणि गुडघ्यांमुळं आबांना पाण्यात उभं राहणं झेपलं नाही तर?

सांगलीकर:

परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाचा लागतो. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची बंदी असते, तेव्हा मार्चअखेर बरोबर बसतं. किती आणि केवढे मासे ठेवता येतात ते परवाना घेतानाच विचारून घ्या. सोडणार असाल तर आधी हात ओले करा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

प्रवासाला साताऱ्याहून निजामुद्दीनला गोवा एक्स्प्रेस, पुढं मनालीच्या बसनं औटला उतरायचं. बोगद्याच्या अलीकडं उतरा, नाहीतर कुलूकडं जाल. तिथून बंजार, मग तीर्थनकाठचं गुशैनी.

आबांना पाण्यात उतरायची गरज नाही. गुशैनीच्या आसपास काठावरून फेकण्याजोग्या जागा आहेत. दगड गोटे गुळगुळीत असतात, म्हणून नमद्याच्या तळाचे बूट आणि टेकायला वेगळी काठी हवीच. वेळ सकाळची धरा. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो, दुपारनंतर पाणी वाढतं आणि गढुळतं.