लकव्यानंतर आई गाणं म्हणते, पण पाणी मागता येत नाही

चोपडेकर:
दिवाळीत आईला लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. समजतं सगळं, पण बोलायला गेली की नुसतं "ते... ते...". परवा भाऊबंदांकडे कानबाई देवी बसली, बायका गाऊ लागल्या आणि आईनं मागून अख्खं गाणं म्हटलं, शब्द न् शब्द! घरी आल्यावर पाण्यासाठी पुन्हा बोटच. बहीण म्हणते रोज गाणी लावा, वाचा येईल. खरंय का? थेरपीला जळगावला रोज नेणं जमत नाही.

वाचाउपचार_धुळे:
गाणी लावून ठेवल्यानं वाचा येत नाही, हे आधी सांगते. पाठ असलेलं गाणं निघणं वेगळं आणि मनातलं वाक्य जुळवणं वेगळं. "हो" सोडून काही न बोलणारा पण स्तोत्रं गाणारा माणूस स्वीडनमध्ये 1745 सालीच नोंदवलाय!

उपयोग चालीचा आहे. 1973 साली बोस्टनच्या तिघांनी मेलॉडिक इंटोनेशन थेरपी मांडली. रोजच्या कामाचं वाक्य घ्यायचं, सूर दोनच, जोराच्या अक्षरावर वरचा. दर अक्षराला आईचा डावा हात धरून मांडीवर थाप. आधी तुम्ही म्हणा, मग दोघं मिळून, मग मध्येच तुम्ही गप्प व्हा. पुढे चाल काढत काढत साध्या बोलण्यावर यायचं. हेच घरी राहून जातं, आणि पेशंट गातच पाणी मागत बसतो. सरावातली वाक्यं सुधारतात, बाकीच्या बोलण्यावर परिणाम कमी. म्हणून वाक्यं नीट निवडा. महिन्यातून एकदा तरी जळगावला दाखवाच.

घरात अहिराणी ना? मग "माले पानी दे" घ्या. "कृपया मला पाणी द्या" असं त्या आयुष्यात कधी म्हणाल्यात का?

पारोळ्याचे_नाना:
मला पार्किन्सन. शब्द सापडतात, आवाजच निघत नाही. बायको म्हणते, भिंतीशी बोलता का! मलाही हेच चालेल?

वाचाउपचार_धुळे:
नाही नाना, तुमचा प्रश्न आवाजाचा. या आजारात स्वतःचा बारीक आवाजही स्वतःला पुरेसा वाटतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. भजनात मागे बसून पुटपुटू नका, पुढे बसा, पूर्ण श्वास घेऊन सूर लांबवा. जेवताना ठसका लागत असेल तर मात्र आधी गिळण्याची तपासणी.

चोपडेकर:
मा-ले-पा-नी-दे, पाच थापा? वरचा सूर "पा"ला?

वाचाउपचार_धुळे:
बरोबर. आणि नुसतं "पा" आलं तरी पेला पुढे करा, पूर्ण वाक्यासाठी अडवून धरू नका.