आमचे बाबा, तुमचे डॉक्टर : आठवणी लिहा

गेल्या महिन्यात बाबा गेले. लालबागच्या दवाखान्यात त्यांचा जन्म गेला. तेराव्याला आलेल्या निम्म्या मंडळींना मी ओळखतही नव्हते, पण प्रत्येक जण जिन्यात काहीतरी सांगून गेला. ते इथे लिहा. कौतुकच हवं असं नाही; चिडके होते, ठाऊक आहे.

सुरुवात मी करते. आई नर्स, तिची ड्युटी सकाळी सातची. त्यामुळे माझ्या वेण्या बाबा घालायचे. भांग सरळ, पेड इतके घट्ट की भुवया वर जायच्या. एक जादा रिबीन कायम त्यांच्या खिशात, स्टेथोस्कोपच्या नळीत गुंतलेली.

गिरणी कामगाराचा मुलगा : वडील कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या यंत्रांवर होते. खोकला, धाप, सगळे विडीला बोल लावायचे. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "सोमवारी जास्त होतं का?" रविवारच्या सुट्टीनंतर खात्यात शिरलं की छाती आवळायची, हे वडील घरी कधी बोललेच नव्हते. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस. केईएमला चिठ्ठी दिली, खातं बदलून घ्या म्हणाले. वडिलांना पगार कमी व्हायची धास्ती. मग १९८२ चा संप आला आणि खातंच राहिलं नाही. धाप मात्र राहिली.

समोरच्या चाळीतल्या काकू : संपात ते फुकट तपासायचे असं कुणीतरी लिहीलच, म्हणून सांगते : पैसे घ्यायचे. कमी घ्यायचे, पण घ्यायचेच. "फुकटचं औषध फळीवरच राहतं," म्हणायचे. मला तेव्हा राग यायचा. अजूनही थोडा येतो.

एक पेशंट : लग्न ठरायच्या सुमारास मला टीबी निघाला. गोळ्या देतानाच बजावलं, "लघवी नारिंगी होईल. रक्त समजून गोळ्या थांबवायच्या नाहीत." कोर्स सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात. म्हणून मग ते येता-जाता आमच्या दारात थांबून विचारायचे, "काय गं, पुस्तक वाचतेस ना?" चाळीला वाटायचं, डॉक्टरांना वाचनाची भारी हौस.

रिक्षावाला : २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शिरणाऱ्या तापाची साथ आली. ताप घेऊन जो येईल त्याला आधी चपला काढायला लावायचे. पायाला जखम आहे का, पाण्यातून किती चाललास, मग बाकीचं.

कंपाउंडर : ताई, तुमच्या दहावीच्या वर्षी संध्याकाळी अर्धा तास पाटी लागायची, 'डॉक्टर व्हिजिटला गेले आहेत'. व्हिजिट म्हणजे तुमचं गणित. बाहेर बाकावर लोक मला शिव्या घालायचे.

धागाकर्ती : काका, हे आज कळतंय! मला सांगायचे, आज गर्दीच नाही. आणि गणित त्यांचंही कच्चंच होतं हो. प्रमेयाला दोघंही अडायचो, मग आई ड्युटीवरून आली की तिला विचारायचो.